साखरीचं पथ्य

गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून घालून माझा उजवा खांदा कायमचा गेला. आता वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टुलावर चढावं लागतं, आणि स्टूल म्हटलं की गुडघे नाही म्हणतात. त्यांनी आपल्या वाटच्या लाथा केव्हाच खाल्ल्यात. गुरांची डॉक्टर होते म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिच्याकडे प्राण्यांचे गोड गोड किस्से असतील. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जे गृहस्थ मागे लागले, त्यांनाही तेच हवं होतं. "बाई, काहीतरी गमतीचं," म्हणाले. गंमत आठवायला बसले आणि आधी दमणूकच आठवली.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगून ठेवते. रोगी बोलत नाही ही आमची मोठी अडचण, असं सगळे समजतात. रोग्याचं काही नाही हो. तो लंगडतो, कान पाडतो, वैरणीला तोंड लावत नाही; त्याला लपवाछपवी येत नाही. बोलतो तो मालक, आणि निम्मं पोटात ठेवून बोलतो. "काय खाल्लं होतं हिनं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "रोजचंच." म्हैस फुगून गेल्यावर शेजारीण सांगते, पोराच्या लग्नातला उरलेला भात पातेलंभर घातला होता. त्यामुळे मालकाचं ऐकायचं, पण बघायचं जनावराकडे, ही सवय मला लागली. ती माणसांच्या बाबतीतही सुटली नाही, आणि त्याचा घरच्यांना फार त्रास झाला.

नव्वदच्या दशकात मी सुरगाण्याकडच्या डोंगरात सरकारी दवाखान्यात होते. दवाखाना म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह आणि काचेच्या सिरिंजा उकळायचं एक अॅल्युमिनियमचं पातेलं. तिथे एकदा रानातला एक म्हातारा फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. मला वाटलं कोंबडी. उघडलं तर मांजराएवढी उडती खार. ही पाखरासारखी उडत नाही. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत तिला सैल कातडं असतं, ते ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते. तेच कातडं काटेरी तारेत अडकून टरकलं होतं.

"डॉक्टरबाय, हिचां पांघरून फाटलां," म्हातारा म्हणाला, "शिवून दे."

शिवून दिलं. ती माझ्या अंगठ्याला कडकडून चावली, त्याची खूण अजून आहे. म्हाताऱ्यानं तिला परत झाडावर नेऊन सोडलं. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही. आमच्याकडे बहुतेक गोष्टींचा शेवट कळत नाही. बरं झालेलं जनावर कुणी दाखवायला आणत नाही.

नंतर नोकरी सोडली, नाशकात पंचवटीत स्वतःचा दवाखाना टाकला. गुरं कमी झाली आणि पॉमेरियन वाढले. पातेलं मात्र मी सुरगाण्याहून उचलून आणलं होतं. प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या तरी ते कोपऱ्यातल्या स्टोव्हवर बसून होतं, कात्र्या-चिमटे उकळायला. नवे लोक हसायचे. मला वाटायचं, हसू द्या.

तर दोन हजार सालानंतरची गोष्ट. द्राक्षाचा हंगाम चालू होता. पिंपळगाव बसवंतहून एक जोडपं आलं. नाना आणि जिजी. नाना पांढरं धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. जिजी नऊवारी, गळ्यात तशीच माळ. बरोबर गाय नाही, कुत्रं नाही. मी बाहेर रिक्षाकडे बघत होते, की जनावर मागून येतंय. तेवढ्यात जिजींनी कमरेचा ओचा सोडला आणि त्यातून मुठीत मावेल असं करड्या रंगाचं काहीतरी टेबलावर ठेवलं. डोळे काळे टपोरे, पाठीवर काळी रेघ, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना तेच ते सैल पांघरूण.

"हिला लकवा मारला म्याडम," नाना म्हणाले. "मागचे पाय वढत चालते."

"हे काय आहे?" मी विचारलं. डॉक्टरनं असं विचारू नये. पण त्या वयात मला लाज उरली नव्हती.

ते होतं शुगर ग्लायडर. नानांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं मुंबईच्या बाजारातून हौसेनं जोडी घेतली, घरमालक कुरकुरला तशी आईबापांकडे आणून टाकली आणि फोनवरून चौकशी करण्यापुरता मालक राहिला. जिजींनी शुगरची साखर केली आणि मादीचं नाव ठेवलं साखरी. नराला नाव मिळायच्या आत तो मेला होता.

"त्याच्या तर डोक्यावर टक्कल पडत चाललं होतं," जिजी म्हणाल्या. "मी रोज माक्याचं तेल चोळायची. तरी गेला बिचारा."

मला तेव्हा या जनावराची फार माहिती नव्हती. त्यांना बाहेर बसवलं आणि पलीकडच्या सायबर कॅफेत गेले. तिथे कॉलेजची पोरं गेम खेळत होती आणि मध्ये मी ऑस्ट्रेलियातल्या झाडांवरच्या जनावरांबद्दल वाचत बसले. नराच्या डोक्यावर टक्कल असतंच, ती वासाची ग्रंथी. म्हणजे माका फुकट गेला. ही खार नव्हेच. ही कांगारूच्या गोतातली. युकॅलिप्टसवर राहते, रात्री हिंडते, फुलातला मध आणि झाडाचा चीक चाटते. आणि किडे खाते. किडे भरपूर खाते. मुख्य म्हणजे मादीच्या पोटाला पिशवी असते.

परत येऊन साखरीला उताणी केली. पोटावर बोराच्या बीएवढा उंचवटा होता. जिजींना तो फोड वाटला होता आणि त्यावर त्यांनी हळद लावली होती. मी म्हटलं, "जिजी, हा फोड नाही. ही पिशवी आहे. आत पिल्लू आहे."

जिजी पुढे वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. शेंगा तोडताना बाया कमरेला ओचा बांधतात, तो त्यांनी नकळत चाचपला. "आगं बाई," म्हणाल्या, "वट्यात लेकरू घेऊन हिंडतीया."

आता माझा ठरलेला प्रश्न. "खायला काय घालता?"

"रोजचंच," नाना म्हणाले.

मी नुसती बघत राहिले. मग एकेक बाहेर आलं. सकाळी द्राक्षं. "साधी नाय म्याडम, एक्स्पोर्टची. परदेशात जातात ती." दुपारी केळं. संध्याकाळी दूधभात. आणि जिजींचा ज्या दिवशी उपास, त्या दिवशी साखरीचाही उपास. साबुदाणा, राजगिरा, एखादा खजूर. एकादशीला तिनं चुकून भात खाल्ला तर जिजींना रुखरुख लागायची. इतक्या प्रेमानं कुणी जनावराची हाडं पोखरलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. साखरीच्या अंगात चुना म्हणून उरला नव्हता, होता तो पिल्लू ओढून घेत होतं. मागचे पाय जाणार नाहीत तर काय!

कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, थेंब दिले. मग म्हटलं, "एवढ्यानं भागणार नाही. हिला अंडं लागेल. उकडून, कवचासकट बारीक कुस्करून, रोज थोडं. नाहीतर किडे."

जिजींचा हात माळेवर गेला.

बाहेरच्यांसाठी सांगते. माळकरी घरात अंडं म्हणजे नुसता खाण्याचा प्रश्न नसतो. अंड्याचं टरफल दारात दिसलं तरी घर बाटलं. ज्या घरात एखादा खाणारा असतो, त्याच्यासाठी मागे गोठ्याकडे तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं भांडं, आणि खाऊन आल्यावर अंघोळ. नाना-जिजींच्या घरात तशी चूल तीन पिढ्यांत पेटली नव्हती.

"ते व्हायचं नाय," जिजी म्हणाल्या. "दुसरं काय बी सांगा."

"किडे?"

"जीव मारून?"

"पिल्लू पोटात आहे जिजी. ही उठली नाही तर दोन्ही जातील."

जिजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हललीच नाही. मी वाद घातला नाही. कुणाची माळ तोडून औषध देण्याची उमेद माझ्यात कधीच नव्हती. थेंब वाढवून दिले, पनीर सांगितलं, आणि त्या दोघांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत मनात म्हटलं, गेली ही.

पण ती गेली नाही. काही आठवड्यांनी परत आले तर साखरी जिजींच्या दंडावरून खांद्यावर सरसर चढली. मागचे पाय थोडे वाकडे, पण चालत होते. पिशवीतून एक गुलाबी शेपटी बाहेर लोंबत होती.

"बघा डॉक्टरीणबाई," जिजींचा चेहरा फुलला होता. "अंड्याबिगर बरी झाली. तुमी उगाच भ्या घातलं. पांडुरंगानं केलं."

मी साखरीकडे पाहिलं. नुसत्या थेंबांनी आणि पनीरनं अंगावर अशी तकाकी येत नाही. मग नानांकडे पाहिलं. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते.

जाताना जिजी पुढे झाल्या आणि नाना चपला शोधत मागे रेंगाळले. चपला समोरच होत्या.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "बोलू नका हं कुठं."

"अंडं?"

"हायवेच्या चौफुलीवर गाडी लागती ना बुर्जीची. तिथून एक उकडलेलं घेतो. खिशात. दिवस मावळताना मोटर चालू करायला विहिरीवर जातो, साखरीला संगं नेतो, हवा खायला म्हणून. मोटरघरात चारतो. हात धुऊन घरी."

"आणि लोकांनी बघितलं तर?"

"बघितलंच की. गावभर झालं, नाना या वयात बाटले. भजनी मंडळानं इचारलं. म्या म्हणलं, डॉक्टरनं सांगितलंय. खोटं नाय ना बोललो? डॉक्टरच हात तुमी." हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "सप्त्यात वीणा माझ्या गळ्यात असायची. पैल्या दिवसाची, माझ्या बापापासून. औंदा मीच म्हणलं, दुसऱ्याला द्या. अंड्याला शिवलेल्या हातानं वीणा कशी धरायची?"

"जिजींना सांगा ना."

"तिला कळलं तर ती साखरीला शिवायची नाय. आन् साखरीला नाय शिवली तर ती जगायची नाय." मग चपलेत पाय घालत, "जिजी म्हणतोय मी. पोरगं तिकडं गेल्यापासनं घरात येवढाच जीव हाय तिला."

आमच्या दवाखान्यात औषधापेक्षा जास्त गुपितंच जमा होतात, त्यात हे एक.

त्यानंतर हंगाम संपला. उन्हाळा लागला. एके दिवशी दुपारी दवाखाना रिकामा, मी खांद्याला गरम पिशवी लावून बसलेली, आणि जिजी दारात. एकट्या. पिंपळगावहून एसटीनं आल्या होत्या, तोंड उन्हानं रापलेलं. त्यांनी ओचा सोडला. साखरीचे पाय पुन्हा मेलेले. या वेळी पुढचेही थरथरत होते. आणि तिच्या पाठीला घट्ट चिकटलेलं पिल्लू; अंगावर केस आलेलं, डोळे उघडलेलं, आईच्या अर्ध्या आकाराचं. ते तिला सोडायला तयार नव्हतं आणि तिच्यात ते वाहायची ताकद नव्हती.

"नाना?" मी विचारलं.

"त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा बी गेली." जिजी सरळ आवाजात सांगत होत्या, रडून झालेल्या माणसासारख्या. "दवाखान्यातनं घरी आणलंय. पोरगा येऊन गेला."

मला लगेच कळलं. नाना खाटेवर, म्हणजे चौफुलीवर कोण जाणार? अंडं बंद. पिल्लू अंगावर पीत होतं आणि आईची हाडं रिकामी होत होती. हे मला ठाऊक होतं, नानांना ठाऊक होतं. त्यांना बोलता येत नव्हतं आणि मी बोलू नये असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. सांगितलं नाही तर दोन जीव जाणार. सांगितलं तर तोंड न राहिलेल्या माणसाची चुगली केल्यासारखं होणार, तीही त्याच्या बायकोपाशी. मी कॅल्शियमची बाटली काढली.

"एक इचारू?" जिजी म्हणाल्या. "ते डाव्या हातानं असं करत्यात." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं. "दिवसभर. साखरी दिसली की जास्तच. पोरगा म्हणला, पेढा मागत्यात. पेढा दिला, थुंकून दिला. सून म्हणली, लिंबू असंल. लिंबू दाखवलं तर तोंड फिरवलं. मग डोळ्यांतनं पाणी काढत्यात."

मी खाली बघत होते. कॅल्शियम सिरिंजमध्ये ओढलं. एक थेंब सुईच्या टोकावर आला.

"तुमाला ठाऊक हाय," जिजी म्हणाल्या.

"जिजी..."

"मला बी ठाऊक हाय." त्यांनी साखरीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. "सदऱ्याचा खिसा कोण धुतं? अंड्याचा वास काय पेढ्यासारखा असतो? मोटरघरात टरफलं पडलेली असायची. गडीमाणसांना दिसू नयेत म्हणून मीच वेचून द्राक्षाच्या बुडात पुरायची. ते लपवत व्हते माझ्यापासनं, मी लपवत व्हते गावापासनं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मी बोलले असते तर मला 'नाय' म्हणावं लागलं असतं. अन् त्यांना बंद करावं लागलं असतं."

इतक्या वर्षांच्या धंद्यात मालक खोटं बोलताना मी खूप ऐकले. असं खोटं मात्र पहिल्यांदाच ऐकलं. मला बसावंसं वाटलं, आणि मी बसले.

जिजी उभ्याच होत्या. मग एकदम, इतका वेळ 'तुम्ही' म्हणणारी ती बाई मला म्हणाली, "मागं गोठ्यापाशी तीन दगडं मांडून आले. गडी अंडी आणून देतो म्हणाला. पर मला सांग बाई, अंडं किती येळ उकडायचं असतं? जन्मात उकडलं नाय गं मी. कच्चं राहिलं तर तिला बाधंल का?"

मी उठले. कंपाउंडरला शेजारच्या दुकानात पिटाळून दोन अंडी मागवली. कोपऱ्यातलं पातेलं स्टोव्हवर चढवलं. ज्या पातेल्यात जन्मभर सुया आणि चिमटे उकळले, त्यात पाणी घातलं, अंडी सोडली. "पाणी खळखळलं की त्यानंतर एक हरिपाठ म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा," मी म्हटलं. मिनिटं सांगून काही उपयोग नव्हता. जिजी पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ खरंच हलायला लागले. त्यांचं म्हणणं संपल्यावर मी अंडं काढलं. चटका बसत असतानाही त्यांनी ते स्वतःच्या हातात घेतलं, फोडलं आणि टरफलासकट बोटांनी कुस्करलं. आधी साखरीला चाटवलं. तिनं तोंड फिरवलं. मग पिल्लापुढे धरलं. पिल्लानं आईच्या पाठीवरूनच मान लांब केली आणि जिजींचं बोट चाटायला सुरुवात केली.

घरी नेल्यावर साखरी दोन दिवसांत गेली. ती जायचीच होती, उशीर झाला होता. जिजींचा फोन आला तेव्हा हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हय. उशीर झाला." एवढंच.

पावसाळ्यात पिंपळगावला एका गाभण गाईसाठी जाणं झालं, तशी वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकावले. नाना अंगणात खुर्चीवर बसलेले, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. त्या निर्जीव हातावर पिल्लू बसलं होतं. आता ते पिल्लू राहिलं नव्हतं. ते तिथून पांघरूण पसरून जिजींच्या डोक्यावर उडी मारायचं आणि परत यायचं. घरामागे तीन दगड काळे पडलेले दिसत होते. शेजारणी बघत होत्याच. गावानं काय म्हटलं असेल ते मी विचारलं नाही. दोघांच्या गळ्यात माळा होत्या.

मला बघितल्यावर नानांनी डावा हात उचलला. अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं आणि पिल्लाकडे मान वळवली.

"हो, दिलंय," जिजी खेकसल्या. "सकाळीच दिलंय. दर घटकेला काय इचारायचं ते!"

नानांचा हात खाली आला. जिजींनी त्यांची टोपी सरळ केली आणि मला म्हणाल्या, "बस बाई, चहा टाकते. अंघोळ झालीय माझी."